सर फ्रेडरिक बार्टलेट

यांचा जन्म १८८६ सालीं इंग्लंडांतील स्टो-ऑन-द-वोल्ड या लहानशा गांवीं झाला. बालपणीं आजारामुळें बराच अभ्यास घरींच करावा लागला. पुढें केंब्रिज येथें मानसशास्त्र शिकवीत असतां त्यांनीं अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची भुतांच्या लढाईची एक कथा कांहीं जणांस वाचावयास दिली व कालांतरानें ती आठवून लिहावयास सांगितली. कोणाच्या लेखांत सीलची शिकार जाऊन मासेमारी आली, कोणाच्या लेखांतून भुतेंच नाहींशीं झालीं! यांत लबाडी कोणाचीच नव्हती. आपल्या ओळखीच्या जगाशीं जुळेल तेवढें मन राखतें व उरलेलें स्वतः रचतें, असें त्यांनीं १९३२ च्या ग्रंथांत दाखविलें. घरोघरीं एकाच प्रसंगावरून भावंडांचा तंटा होतो, तो बहुधा याच जातीचा. १९६९ सालीं केंब्रिज येथें ते निवर्तले.