पंडिता रमाबाई : श्रमांतून विसाव्याकडे

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता, त्यांचें धैर्य आणि अनाथ स्त्रियांसाठीं त्यांनीं केलेलें कार्य हीं आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असतील. आम्ही येथें त्यांच्या चरित्रांतील एका निराळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधूं इच्छितों. देव आपणांस प्रसन्न व्हावा म्हणून मनुष्य जी धडपड करतो, ती सोडून त्याच्या हातीं स्वतःस सोंपविणें, ही ती गोष्ट होय. रमाबाईंसारख्या कर्तबगार बाईसही ती साधावयास आयुष्याचीं सुमारें तेहतीस वर्षें लागलीं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस तें शिकविलें, आणि पुढें या माउलीनें पहाटे उठून आपल्या मुलीस शिकविलें. हें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थयात्रा करीत फिरलें. पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, आणि उरेल तें दानधर्मांत खर्चावें, असा त्यांचा क्रम असे.

पुढें मद्रास इलाख्यांत असतांना दुष्काळानें त्यांस गांठलें. मोलमजुरीची संवय नाहीं, भीक मागण्यास मन धजेना. देवानें कृपा करावी म्हणून त्यांनीं उपवास केले, जप केले, तीर्थस्नानें केलीं, गांठीस होतें नव्हतें तें धर्मकार्यीं वेंचलें. त्यांची भक्ति खोटी नव्हती, आणि तिची थट्टा कोणीं करूं नये. परंतु १८७४ सालीं वडील गेले. जातांना आपल्या लाडक्या धाकट्या लेकीस त्यांनीं देवाच्या हातीं सोंपविलें, आणि सदैव त्याचीच सेवा करण्यास सांगितलें. लवकरच आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास हीं दोघेंच उरलीं, आणि अनवाणी पायांनीं हिंदुस्थानभर फिरलीं. इतक्या साधनांनंतरही देव दूरच राहिला, ही खंत रमाबाईंच्या अंतःकरणांत घर करून बसली.

१८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. कीर्ति आली, पण शांति आली नाहीं. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ सालीं पतीही निवर्तले. पदरीं लहानगी मनोरमा होती. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि १८८३ सालीं विद्येसाठीं इंग्लंडास गेल्या. तेथें पतित स्त्रियांस धर्मभगिनी मायेनें वागवितात हें पाहून त्या चकित झाल्या. प्रभूची व शोमरोनी स्त्रीची भेट कशी झाली हें त्यांनीं शुभवर्तमानांत वाचलें, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथेंच त्यांचा प्रवास संपला असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. बाईंनीं अमेरिकेंत जाऊन पुस्तक लिहिलें, व्याख्यानें दिलीं, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. बाहेर कार्य वाढत होतें, आंत मात्र जुनी तहान तशीच होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांनीं हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त वाचलें. दुसऱ्यांस उपदेश करणारा हा मनुष्य स्वतःच्याच व्यासपीठावर उभा असतांना प्रथम प्रभूस भेटला होता. तें वाचून रमाबाईंस उमगलें कीं, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नाहीं. आईवडिलांनीं तीर्थांच्या बळावर जें मिळवूं पाहिलें, तेंच आपण बुद्धीच्या व सत्कृत्यांच्या बळावर मिळवूं पाहत आहों. तेव्हां त्यांनीं स्वतःचें बळ टाकिलें, आणि तारणाऱ्यानें जें पूर्ण केलें आहे तें रिकाम्या हातांनीं स्वीकारलें.

या विश्वासाची कसोटी लवकरच लागली. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. अमेरिकेंतील मंडळीनें शारदा सदनास दहा वर्षांपुरती मदत देऊं केली होती. शेंकडों उपाशी मुलींसाठीं मात्र पैसा नव्हता. परंतु भूक म्हणजे काय हें रमाबाई जाणत होत्या. त्या स्वतः गेल्या, आणि सुमारें तीनशें मुली व बायका वांचविण्याचा निश्चय केला. पुण्यांत प्लेगचे निर्बंध आले, म्हणून या मुलींस केडगांवच्या शेतावर नेलें. तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें. पुढें दहा वर्षांची मुदत सरली, तरी त्या डगमगल्या नाहींत. जी गरज पडे ती त्या प्रथम देवापुढें मांडीत. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील कुटुंब सुमारें दोन हजारांचें झालें.

स्वतःस देवाच्या हातीं देणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें, असा कोणी अर्थ करील तर तो चुकेल. मुक्ति सदनांत शेती होती, विणकाम होतें, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, आंधळ्या मुलींची शाळा होती. स्वतः बाई इब्री व ग्रीक भाषा शिकून, साध्यासुध्या बायकांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर करीत होत्या. पूर्वी त्या देव मिळावा म्हणून श्रमत. आतां देव मिळाला म्हणून श्रमूं लागल्या. एवढाच फरक, पण त्यानें सारें आयुष्य पालटलें.

शेवटची कसोटी सर्वांत कठीण होती. आपल्यामागें कार्य चालवील म्हणून जिच्यावर भिस्त, ती एकुलती एक मनोरमा जुलै १९२१ मध्यें वारली. रमाबाईंनीं दुःख गिळलें, आणि भाषांतराचें काम शेवटास नेलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. बाप गेला, आई गेली, पति गेला, कन्याही गेली. परंतु ज्याच्या हातीं वडिलांनीं त्यांस सोंपविलें होतें, त्याचा हात सुटला नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, अभ्यास मनापासून करा; पण परीक्षेच्या निकालावर आपली किंमत ठरते असें मानूं नका. आणि आमच्या पालक वाचकांस विनंती एवढीच कीं, अनंतशास्त्र्यांनीं अखेरच्या घटकेस जें केलें, तें आपण आजच करावें. मुलांसाठीं झटावें, आणि झटून झाल्यावर त्यांस देवाच्या स्वाधीन करून निश्चिंत मनानें निजावें.