आधी क्रम, मग जोड

'व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर'ची ब्लॉक डायग्रॅम आपण सगळेच परीक्षेत काढतो आणि पेपर संपला की विसरतो. मला हा माणूस पुन्हा भेटला तो एका साध्या बॅच फाइलमुळे. प्रोजेक्टसाठी रोजच्या रीडिंगच्या टेक्स्ट फाइली तारखेप्रमाणे जोडून एकच फाइल करायची होती. त्यासाठी वाचताना कळलं, की जोडणीचं हे काम जॉन व्हॉन न्यूमनने १९४५ सालीच कागदावर लिहून ठेवलं होतं. तेही ज्या कॉम्प्युटरसाठी लिहिलं, तो तयार होण्याआधी!

जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्टमधल्या सुखवस्तू ज्यू घरात. वडील बँकेत. पोराला ओढ गणिताची, पण गणितावर पोट भरेल का, ही वडिलांची काळजी (ओळखीचं वाटतंय ना?). मग तडजोड झाली. झुरिचला केमिकल इंजिनिअरिंग आणि बुडापेस्टला गणितात डॉक्टरेट, दोन्ही १९२६ मध्ये पूर्ण! १९३० साली तो प्रिन्स्टनला गेला आणि १९३७ मध्ये अमेरिकन नागरिक झाला.

१९४३ पासून तो लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात होता. तिथली आकडेमोड हाताने उरकणारी नव्हती. १९४४ च्या उन्हाळ्यात एका रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन भेटला आणि त्याच्याकडून फिलाडेल्फियात बनत असलेल्या एनियाक यंत्राची बातमी कळली. झालं! गडी त्यातच रमला.

पुढचं यंत्र होतं एडव्हॅक. ते फक्त गणितंच करील, की इतर कामंही? हे तपासायला त्याने मुद्दाम सॉर्टिंग निवडलं आणि शाईने २३ पानं लिहिली. कल्पना अशी: उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे रोल नंबरप्रमाणे लावलेले आहेत. दोन्हींच्या वरच्या पत्रिका बघायच्या, लहान नंबरची उचलायची, पुन्हा बघायचं. एकाच फेरीत एक लावलेला गठ्ठा तयार! एक-एकपासून सुरुवात करून दोन, चार, आठ असे गठ्ठे जोडत गेलं, तर हजार पत्रिका १० फेऱ्यांत लागतात. हाच आपला मर्ज सॉर्ट.

आता बॅच फाइलकडे या. रोजची फाइल वेगळी असेल तर तुलनेचीही गरज नाही. डिर कमांडकडून नावानुसार यादी घ्यायची आणि फॉर लूपमध्ये एकेक फाइल मागे जोडत जायची. पण नाव दिवस-महिना-वर्ष असं असेल, तर १ फेब्रुवारी २ जानेवारीच्या आधी येऊन बसतो. यंत्राला तारीख कळत नाही, अक्षरं कळतात. म्हणून आधी नावाचे तुकडे उलटून वर्ष-महिना-दिवस करायचे. महिना आणि दिवस दोन आकडीच हवेत. मग नावाचा क्रम तोच तारखेचा क्रम. दोन यंत्रांच्या फाइलींत तारखा एकमेकींत गुंतल्या असतील, तर मात्र न्यूमनच्या पद्धतीने ओळीला ओळ लावून बघावी लागते.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. जून १९४५ मध्ये एडव्हॅकचा अहवाल वाटला गेला. त्यात अनेकांच्या चर्चा एकत्र आल्या होत्या, पण वर नाव एकट्या न्यूमनचं! एनियाक बांधणारे एकर्ट आणि मॉचली दुखावले. शिवाय अहवाल बाहेर गेल्याने त्यातल्या कल्पना सर्वांच्या झाल्या आणि पेटंटची वाट बंद झाली. जगाला फायदा झाला, त्या दोघांना नाही. आजही आपण डायग्रॅमखाली एकच नाव लिहितो.

१९५५ साली न्यूमनला कॅन्सर असल्याचं कळलं. मेंदू आणि कॉम्प्युटर यांची तुलना करणारी व्याख्यानं तो लिहीत होता, ती अपुरीच राहिली. ८ फेब्रुवारी १९५७ ला वॉशिंग्टनमध्ये तो गेला, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी. ते अपुरं लिखाण १९५८ मध्ये पुस्तक म्हणून आलं.

तेव्हा मित्रांनो, फाइलीला नाव देताना वर्ष आधी लिहा. आणि ग्रुप प्रोजेक्टचे रिपोर्ट जोडून एक कराल, तेव्हा पहिल्या पानावर सगळ्यांची नावं आली ना, तेवढं बघा. ते काम कुठलीच बॅच फाइल करत नाही.