खाँसाहेबांचा तंबोरा

थोर गायकांची चरित्रे वाचू लागले की गळ्याचे वर्णन पानोपानी सापडते. आवाज मधाळ होता, धारदार होता, तिन्ही सप्तकांत फिरत होता, असे बरेच काही. परंतु ज्या तंबोऱ्याच्या आधाराने तो गळा उभा राहिला त्याचे लाकूड, त्याचा भोपळा, त्याच्या तारा यांना चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. मी सुताराचा मुलगा. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि गाण्याचे माझे ज्ञान मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळापलीकडे फारसे जात नाही. त्यामुळे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्याविषयी वाचताना माझे लक्ष रागांच्या नावांपेक्षा त्यांच्या हातांकडे अधिक गेले. या लेखात जे सांगतो आहे ते त्या अंगाने.

खाँसाहेबांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. या गावाच्या नावावरूनच किराणा घराणे हे नाव पडले. (आमच्या आळीत किराणा घराणे म्हटले की वाण्याच्या दुकानाची आठवण होते, पण त्याला इलाज नाही.) वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. घरात सारंगीची परंपरा होती, आणि हे सांगणे आवश्यक आहे. त्या काळी सारंगियाला मैफलीत मागे बसावे लागे. गवयांच्या पंक्तीत सारंगीवाल्यांच्या मुलाला सहजासहजी पाट मिळत नसे. वाद्य वाजवणारा, वाद्य जुळवणारा, वाद्य दुरुस्त करणारा म्हणजे खालचा, आणि गाणारा म्हणजे वरचा, अशी ती उतरंड. खाँसाहेब गवई झाले, मोठे झाले, पण सारंगी आणि बीन त्यांनी कधी टाकून दिली नाही. वाद्ये दुरुस्त करण्यात ते तरबेज होते आणि त्यासाठी लागणारी हत्यारे जवळ बाळगत, असे त्यांच्याविषयी लिहून ठेवलेले आहे. एवढा मोठा गवई कानस घेऊन तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून बसला आहे, हे चित्र मला त्यांच्या कोणत्याही छायाचित्रापेक्षा जास्त खरे वाटते.

तरुणपणी ते आपल्या भावासह बडोद्याच्या दरबारी आले. तेथे सरदार माने यांच्या घराण्यातील ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या आणि दोघांचे प्रेम जमले. एक मुसलमान गवई आणि एक मराठा सरदारकन्या! एकोणिसावे शतक संपत आले होते. बडोद्यात राहणे शक्यच नव्हते. दोघे मुंबईस आले, आणि पुढे खाँसाहेबांचे पाय मिरजेकडे वळले. मिरजेत ते प्लेगने आजारी पडले, ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर बरे झाले, अशी कथा सांगतात. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मिरज हेच त्यांचे घर झाले ही गोष्ट मात्र खरी.

आणि मिरज म्हणजे तंबोऱ्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये बनविण्यास सुरुवात केली. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे. इंग्रजी अमलात तलवारींची गरज सरली, आणि पोलादावर बसलेला हात लाकडाकडे वळला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होताच. त्याच घराण्यांतले कारागीर आजही हे काम करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आमच्या मंडळाच्या वीणेचा भोपळा तडकला तेव्हा वडिलांबरोबर मी मिरजेला गेलो होतो. एका कारागिराच्या दुकानात आम्ही अर्धा दिवस बसलो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे वाळून छताला टांगलेले होते. एकासारखा दुसरा नाही. वडिलांनी प्रथम लाकूड हाताळले, वास घेतला आणि मान हलवली. मला कळले की हे दोघे आता एका जातीचे झाले. तेथे यंत्राने शेकड्याने माल निघत नाही. एका वेळी चार-दोन वाद्ये हातात असतात, आणि बायकी गळ्याचा तंबोरा वेगळा, पुरुषी गळ्याचा वेगळा. गवई येतो, ऐकतो, नको म्हणतो, पुन्हा कानस चालते.

ही कानस चालते ती घोडीवर. घोडी म्हणजे तारा ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात ती. ती वरून सपाट दिसते, पण तिला अगदी बारीक उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, टेकत-सुटत कंप पावते. तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. योग्य जागी तो आला की मिटलेला आवाज एकदम फुलासारखा उमलतो. यालाच जवारी म्हणतात. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी या घोडीवर शास्त्रीय निबंध लिहिला. तार जेथे छेडली तेथील स्थितीमुळे जे उपस्वर उमटायला नकोत, तेही या घोडीमुळे उमटतात, असे त्यांना आढळले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ आणि मिरजेचा कारागीर एकाच हाडाच्या पट्टीकडे पाहत होते, एवढेच मला येथे नमूद करायचे आहे.

आता जुळवण्याविषयी. दोन तारा जवळजवळ एका स्वरात असल्या, पण नेमक्या नसल्या, तर आवाज थरथरतो. एक तार सेकंदाला १३० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी १३२ वेळा, तर सेकंदाला दोन वेळा आवाज मोठा-लहान होतो. आमच्या मंडळाच्या पेटीला एक कळ आहे. ती ओढली की आत एक छोटी झडप हवेने हलू लागते आणि सूर असाच हेलकावे खातो. तिला ट्रेमोलो म्हणतात, आणि आमचे पेटीवाले बुवा आरतीच्या वेळी ती हमखास ओढतात. लोकांना ते आवडते. परदेशात १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरणाऱ्या तरुणांचे एक गिटारसंगीत निघाले, त्यातही हाच हेलकावा विजेच्या यंत्राने काढीत. आजही ते वाजवणाऱ्यांसाठी पायाने दाबायच्या अशा डब्या कोणी कोणी कारागीर घरच्या बाकावर बसून, थोड्या थोड्या संख्येने, हाताने बनवतात, असे कळते. म्हणजे मिरजेची रीत तेथेही आहे. फरक एवढाच, की ते कारागीर थरथर निर्माण करण्यासाठी खपतात आणि खाँसाहेब ती नाहीशी करण्यासाठी खपले.

जोडीच्या दोन तारांमधली ती थरथर मंद होत होत थांबावी, मणी केसाएवढा सरकवावा, आणि मग खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू यावा. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरीही तो ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खाँसाहेबांचे गाणे या गंधाराच्या शेजारी बसून निघालेले आहे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना मला तरी असे वाटते की हा माणूस स्वर लावीत नाही, अगोदरच असलेल्या स्वरात जाऊन उभा राहतो.

हा कान दोन वेगळ्याच माणसांच्या उपयोगी पडला. सांगलीचे निवृत्त अधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल (नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू) यांना बावीस श्रुतींचे गणित मांडायचे होते. १९१० साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यांना साथ होती क्लेमंट्स या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाची. बाजारातल्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा चढा लागतो. तो दोष काढून श्रुतींची पेटी बनवायची, असा या दोघांचा उद्योग. खाँसाहेब गात आणि देवल तारेची लांबी मोजत. तशी पेटी विलायतेहून करून आणली गेली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिची परीक्षा झाली, आणि ती विद्वानांच्या पसंतीस उतरली नाही. माझ्या मते यात अपयश असे काही नाही. पट्टी दाबली की ठरलेला एकच सूर निघणार, मग पट्ट्या बारा असोत की बावीस. कानाप्रमाणे सरकणारी तार ती तारच.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. आमच्या पौडपासून पुणे काही फार दूर नाही, तरी तेव्हा मावळातला एखादा पोर तेथे पोचला असेल का, याचा मी बराच विचार केला. एक मात्र खरे की ते विद्यालय घराण्यातल्या मुलांपुरते नव्हते. बाहेरची, ब्राह्मणांची, कोणाचीही मुले तेथे गुरुगृही राहून शिकत. जी विद्या उस्ताद लोक पुतण्यालाही हातचे राखून देत, ती त्यांनी परक्या मुलांपुढे मोकळी केली. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांचेच शिष्य. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी हेही शिष्य, आणि त्यांनीच १९७२ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, गुरूंचे मोठे चरित्र मराठीत लिहिले. खाँसाहेबांनी टिपू नावाच्या एका कुत्र्यालाही सुरात ओरडायला शिकवले होते, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. टीकाकारांनी त्यावरून बरीच थट्टा केली. मला वाटते, शिकवण्याची हौस एकदा जडली की ती माणसापाशी थांबत नाही.

पण याच काळात घर फुटत होते. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पाचही मुलांनी बापाचे नाव टाकले. सुरेशबाबू आणि कृष्णराव माने झाले, हिराबाई आणि कमलाबाई बडोदेकर झाल्या, धाकट्या सरस्वतीबाई पुढे राणे म्हणून गाजल्या. हिराबाईंना पुढची तालीम मिळाली ती सुरेशबाबूंकडून आणि अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. म्हणजे बापाचे घराणे मुलीकडे आले, पण बापाच्या हातून नव्हे. चरित्रकार म्हणतात की यानंतर खाँसाहेबांच्या गाण्यात करुण रस वाढला. दुःखाचे असे सरळ गणित मांडावे की नाही, मला ठरवता येत नाही. पन्नाशीतल्या एका माणसाच्या घरातून पाच मुले एकदम गेली. संध्याकाळी तंबोरा जुळवायला बसल्यावर त्या घरात काय ऐकू येत असेल, ते गाण्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

पुढे त्यांचा मुक्काम मिरजेस असे आणि दौरे दक्षिणेत होत. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न पदवी दिली. उत्तरेकडचे उस्ताद कर्नाटक संगीताकडे ढुंकूनही पाहत नसत, तेव्हा त्यांनी त्यागराजांच्या रचना शिकून घेतल्या आणि तिकडची सरगम आपल्या ख्यालात आणली. १९३० नंतरच्या दशकात ओडियन कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, तेवढ्यात झिंझोटी किंवा भैरवी संपवायची. त्या तबकड्या खेड्यापाड्यांतल्या दुकानांत वाजू लागल्या. धारवाडकडच्या एका लहान मुलाने अशीच एक तबकडी दुकानात ऐकली आणि गाण्याच्या वेडाने घर सोडले. ते भीमसेन जोशी. पुढे ते सवाई गंधर्वांचे शिष्य झाले, आणि गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी पुण्यात सुरू केलेला महोत्सव आपल्यापैकी अनेकांनी निदान मंडपाबाहेरून तरी ऐकला असेल.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासेस गेले होते. तेथून अरविंदांच्या आश्रमात गाण्यासाठी पाँडिचेरीला निघाले. रात्रीच्या गाडीत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण टाकले गेले. आपली वेळ आली हे त्यांनी ओळखले असावे. सांगतात, की त्यांनी तंबोरा मागितला, तो जुळवून घेतला, आणि दरबारी रागात परमेश्वराची आळवणी करता करता प्राण सोडला. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. तेथे दर वर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात, आणि त्यांच्या मागे लागणारे तंबोरे बहुधा त्याच गावात झालेले असतात.