मलिक अंबर

मुलांनो, आपल्या भिवंडी-निजामपुऱ्याचा मुलूख एके काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होता. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य लहान, पाठीशी बलाढ्य दोस्त नाही. अशा वेळी मलिक अंबर पुढे आला. इथिओपियात जन्मलेल्या अंबरला गुलाम म्हणून दख्खनमध्ये आणले होते. त्याने नवा निजामशहा गादीवर बसवला. शहाजीराजांसारखे मराठे सरदार जवळ केले. मोठ्या फौजेशी तो मैदानात लढत नसे. डोंगरांतून छापे घाली, तिची रसद तोडी. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक झाले. भातवडीला त्याने दोघांनाही हरवले. १६२६ मध्ये तो वारला आणि दहाच वर्षांत निजामशाही बुडाली. आपला मुलूख आणि माणसे ओळखणारे लहान राज्यही टिकते. पण ते एकाच माणसावर उभे नसावे.