कणसाचे रूप आणि दाण्याची ओल

आमच्या अंगणात मका वाळत पडला की आजी एक दाणा दाताखाली धरायची. कट्‌कन फुटला तर पोत्यात, नुसता दबला तर पुन्हा उन्हात. एका वर्षी पावसाच्या धास्तीने वडिलांनी घाई केली. दाणे टपोरे होते, पण आडत्याने ओल दाखवून भाव पाडला. माझी ठरलेली सायकल त्या वर्षी आली नाही. पुढे हेन्री वॉलेस यांच्याविषयी वाचताना मला तो मका आठवला.

वॉलेस यांचा जन्म १८८८ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला. मक्याच्या त्या मुलखात तेव्हा कणसांच्या चक्क सौंदर्यस्पर्धा भरत. लांब, भरदार, सरळ ओळींच्या कणसाला बक्षीस मिळे आणि शेतकरी त्याचेच बी धरत. सोळा वर्षांच्या हेन्रीला हे पटेना. प्राध्यापक होल्डन यांनी नावाजलेल्या आणि नापसंत केलेल्या कणसांचे बी त्याने वेगवेगळे पेरले आणि सुगीला पीक तोलले. सर्वांत देखण्या कणसाचे पीक जवळजवळ तळाला निघाले!

रूपावर जाऊ नये, मोजून पाहावे, हा धडा त्यांनी जन्मभर गिरवला. १९२६ मध्ये संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. १९३३ मध्ये ते कृषिमंत्री झाले, १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. १९४० च्या मेक्सिको भेटीत तिथली तुटपुंजी पिके त्यांनी पाहिली. त्यांच्या आग्रहातून १९४३ मध्ये तिथे रॉकफेलर प्रतिष्ठानचे संशोधन सुरू झाले. पुढे नॉर्मन बोरलॉग तिथेच रुजू झाले आणि तिथला बुटका गहू १९६० च्या दशकात भारतात आला. राजकारणात मात्र १९४८ ची अध्यक्षपदाची निवडणूक वॉलेस सपशेल हरले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

पण नुसते तोलूनही भागत नाही, कारण पाण्यालाही वजन असते. दाणा पूर्ण भरतो, बुडाशी काळा थर धरतो, तेव्हाही त्यात तीसेक टक्के पाणी असते. साठवायला ते बारा-तेरावर यावे लागते. काही वाणांत कणसावरची पाने पातळ असतात, लवकर सैल होतात, मधला दांडाही बारीक असतो. असा मका ताटावरच भराभर वाळतो. म्हणून आज पैदासकार वजनाबरोबर ओलही मोजतात आणि ओल सारखी धरूनच वाणांची तुलना करतात.

वडिलांना हे कुणी सांगितले नव्हते. आडत्यावरचा माझा राग आता निवळला आहे. एवढेच वाटते, की त्या वर्षी आजीच्या दाताचे ऐकले असते, तर सायकल आली असती.