विश्लेषण : सायकलला गिअर लावणे ही फसवणूक होती? रेशमाचा धंदा सोडणाऱ्या ‘वेलोसिओ’ची गोष्ट

घाटाचा चढ लागला की आजचा सायकलस्वार फारसा विचार न करता हँडलवरचा खटका दाबतो. मागे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते, पाय हलके होतात आणि चढ सुरू राहतो. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये असा खटका बसवणे कमीपणाचे समजले जाई. जगातल्या सर्वात मोठ्या सायकल शर्यतीत तर त्याला 1937 पर्यंत जागा नव्हती. त्या खटक्यासाठी आयुष्यभर लेखणी आणि पाय झिजवणारे पॉल द विव्ही ऊर्फ वेलोसिओ कोण होते?

रेशमाचा व्यापारी सायकलकडे कसा वळला?

पॉल द विव्ही यांचा जन्म 29 एप्रिल 1853 रोजी दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांची गोडी त्यांना लहानपणीच लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही. उमेदवारी मात्र त्यांनी रेशमाच्या धंद्यात केली आणि तिशीच्या आत स्वतःचा व्यवसाय उभा केला. बायको, तीन मुले, बरी मिळकत. या माणसाच्या हातून काही जगावेगळे घडेल असे तेव्हा कोणाला वाटले नसते.

1881 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढे माणसाएवढे उंच चाक आणि मागे चिमुकले, असा तो जुना प्रकार. पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत. तोल गेला तर स्वार डोक्यावरच आपटे. तरीही द विव्ही तिच्यावर भाळले. रेशमाच्या व्यवहारासाठी त्यांना इंग्लंडला जावे लागे आणि तिथे त्यांची पावले कॉव्हेंट्रीकडे वळू लागली. सायकल उद्योगाची ती त्या काळची राजधानी होती. तिथून त्यांनी तीनचाकी आणली, मग आणखी काही नमुने आणले. प्रत्येक यंत्र स्वतः चालवून पाहायचे, खोलायचे, जोडायचे आणि काय पटले, काय खटकले ते लिहून ठेवायचे, अशी सवयच त्यांना लागली.

1887 मध्ये त्यांनी रेशमाचा धंदा विकला आणि सेंत-एतियेन शहरात सायकलचे दुकान थाटले. त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. ते पुढे ‘ल सिक्लिस्त’ या नावाने ओळखले गेले. त्यात ते ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत आणि लवकरच लोक त्यांचे खरे नाव विसरले.

सेंत-एतियेनच का?

हे शहर कोळशाचे, बंदुकांचे आणि रेशमी फितींचे. बंदुकीची नळी घडवणाऱ्या कारागिराला पोलादी नळी कापणे, जोडणे, आटे पाडणे हे सगळे येत असे. सायकलला तेच लागते. त्यामुळे फ्रान्सचा सायकल उद्योग या शहरात रुजला. वेलोसिओंच्या डोक्यात एखादी कल्पना आली की ती धातूत उतरवणारा माणूस जवळच्याच गल्लीत सापडे. दुसरी गोष्ट म्हणजे शहराभोवतालचे डोंगर. कोणत्याही दिशेने बाहेर पडा, चढ ठरलेलाच. पॅरिसच्या सपाट लाकडी ट्रॅकवर ज्या प्रश्नाची कोणाला आठवणही होत नव्हती, तो प्रश्न इथे रोज गुडघ्यांना जाणवत होता.

1889 मध्ये वेलोसिओंनी स्वतःची सायकल बाजारात आणली. तिचे नाव ‘ला गोलुआज’. दोन सारखी चाके, आज आपण पाहतो तशी चौकोनी फ्रेम, मागच्या चाकाला चेन. गिअर एकच.

घाटात काय घडले?

शहराच्या दक्षिणेला कोल द ला रिपब्लिक नावाची 1,161 मीटर उंचीची खिंड आहे. वेलोसिओंची ही रोजच्या सरावाची वाट. इथली एक गोष्ट सायकलप्रेमी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. वेलोसिओ घामाघूम होऊन हा चढ चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक तरुण वाचक मागून आला आणि तोंडातला पाइप न काढता आरामात पुढे निघून गेला. त्याच्या सायकलचा गिअर हलका होता. वेलोसिओ दुकानात परतले ते एक पेच घेऊनच. हलका गिअर लावला तर सपाटीवर पाय नुसतेच फिरतात, जड लावला तर चढावर छाती फुटते. एकाच सायकलवर दोन्ही कसे साधायचे?

पहिला उपाय अगदी घरगुती होता. पॅडलजवळ एकाऐवजी दोन दातेरी चक्रे बसवायची आणि चढ आला की खाली उतरून हाताने चेन एकावरून दुसऱ्यावर टाकायची. हात काळे होत, पण काम होई. मग आणखी चक्रे जोडून चार गिअर मिळवले गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील चार गिअरच्या एका सायकलचा त्यांनी अभ्यास केला, तिच्यात फेरफार केले. त्यांच्या आणि सेंत-एतियेनच्या इतर कारागिरांच्या खटपटीतून चालत्या सायकलवर चेन सरकवणारी यंत्रणा आकाराला आली. आपण तिला डिरेलर म्हणतो. रुळावरून खाली उतरवणारा, असा त्या फ्रेंच शब्दाचा अर्थ. आपल्याकडे चेन उतरली की स्वार वैतागतो. इथे ती मुद्दाम उतरवायची आणि शेजारच्या चक्रावर चढवायची. लहान चक्रावर चेन ढिली पडू नये म्हणून तिला ताणून धरणारी स्प्रिंगची व्यवस्था ही यातली खरी गोम.

गिअरचे गणित काय?

फ्रान्समध्ये गिअर मोजायची पद्धत सोपी आहे. पॅडलचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल किती मीटर पुढे जाते, एवढेच पाहायचे. पुढच्या चक्राला 48 दाते, मागच्याला 16, तर पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक तीनदा फिरते. चाकाचा परीघ साधारण 2.1 मीटर धरला तर सायकल 6.3 मीटर जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग होतो ताशी सुमारे 22.7 किमी. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे. पण 100 मीटर अंतरात 6 मीटर उंची गाठणाऱ्या चढावर, स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन असेल, तर एवढ्या वेगाने नुसते गुरुत्वाकर्षणाशी झगडायला जवळपास 300 वॅट शक्ती लागते. सराव नसलेला माणूस काही मिनिटांत गारद होतो.

आता पुढे 24 आणि मागेही 24 दाते घ्या. एका फेऱ्यात 2.1 मीटर, वेग ताशी साडेसात किमी. त्याच चढाला आता 100 वॅटच्या आसपास शक्ती पुरते. म्हणजे साधारण प्रकृतीचा मनुष्यही गप्पा मारत चढू शकतो. वेळ तिप्पट लागेल, पण खाली उतरून सायकल ढकलावी लागणार नाही. वेलोसिओंचे सगळे म्हणणे या एका फरकावर उभे होते.

मग विरोध कशासाठी?

विरोधकांत सर्वात वजनदार नाव होते आंरी देग्रांज यांचे. स्वतः सायकलपटू, एका क्रीडा दैनिकाचे संपादक आणि 1903 मध्ये सुरू झालेल्या टूर द फ्रान्सचे जनक. शर्यत स्नायूंच्या जोरावर जिंकायची, यंत्राच्या करामतीवर नव्हे, हा त्यांचा आग्रह. गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक, अशी त्यांनी खिल्लीही उडवली. यात निव्वळ हेकेखोरपणा होता असे म्हणता येणार नाही. सुरुवातीचे डिरेलर बोजड होते. चेन तिरकी चाले, चिखलात अडके, घर्षण वाढे. शिवाय यंत्रे सारखी असतील तरच माणसांची तुलना होते, या विचारातही तथ्य आहे. आजही शर्यतीत कोणती सायकल चालेल आणि कोणती नाही यावर वाद झडतातच.

पण देग्रांज शर्यत पाहत होते, वेलोसिओ रस्ता. त्यांच्या डोळ्यांपुढे शिक्षक, दुकानदार, बायका, म्हातारे, रविवारी डोंगरापलीकडचे गाव बघायला निघालेली माणसे होती. शर्यतपटूला जे शोभते तेच सगळ्यांनी वापरावे, हा त्यांना उफराटा न्याय वाटे.

1902 मध्ये टूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने डोंगराळ मार्गावर सायकलींची चाचणी घेतली. मार्त हेस ही महिला तीन गिअरच्या गोलुआजवर होती आणि तिच्या मुकाबल्यात एकच गिअर असलेल्या सायकलवर एक नावाजलेला शर्यतपटू. सरशी हेसची झाली. तिला वाटेत कुठेही पाय टेकावा लागला नाही, असे त्या वेळच्या वार्तांकनात आले. देग्रांज बधले नाहीत. 1912 मध्ये सेंत-एतियेनचे जोआनी पानेल डिरेलर लावून टूरमध्ये उतरले, तरी शर्यतीचा शिरस्ता बदलला नाही. इतर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चक्र बसवत आणि घाटाच्या पायथ्याशी थांबून, चाक काढून, उलटे करून पुन्हा लावत. डोंगरातल्या पावसात, गारठलेल्या बोटांनी नट सोडवताना या स्पर्धकांच्या मनात स्नायूंच्या थोरवीबद्दल काय येत असेल, याची कल्पना करता येते.

सायकल म्हणजे प्रयोगशाळा

वेलोसिओंचे दुकान हे हळूहळू सायकलवेड्यांचा अड्डा बनले. कोणी लहान चाके आणि रुंद टायर लावून पाहत होता, कोणी दोन्ही बाजूंना चेन बसवत होता, कोणी हँडलची उंची बदलत होता. रुंद, मऊ टायर खराब रस्त्यावर सुखाचे असतात, हे वेलोसिओ स्वतःच्या अनुभवावरून सांगत. डांबरी रस्ते दुर्मीळ असतानाची ही गोष्ट. आज ग्रॅव्हल बाइक नावाने जो प्रकार खपतो त्यात रुंद टायर आणि अगदी हलके गिअर असतात. वेलोसिओंच्या मंडळींना तो पाहून फारसे नवल वाटले नसते.

प्रयोगाचे सर्वात मोठे साधन त्यांचे स्वतःचे शरीर होते. संध्याकाळी निघायचे, रात्रभर दिव्याच्या उजेडात सायकल मारायची, पहाटे शेकडो किलोमीटरवरच्या प्रोव्हान्समध्ये पोहोचायचे. ईस्टरच्या सुट्टीतील अशा सफरी हा त्यांचा नेम होता. ते शाकाहारी होते आणि एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय भाषेचे पुरस्कर्तेही. कोणता गिअर कुठे वापरला, काय खाल्ले, थकवा केव्हा आला, याची टिपणे ते मासिकात देत.

त्यातूनच त्यांचे सात नियम तयार झाले. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी प्यावे, हा त्यातला सर्वात प्रसिद्ध. थांबे थोडे आणि छोटे ठेवावेत म्हणजे लय मोडत नाही. अन्न जाणार नाही किंवा झोप लागणार नाही इतके कधी थकू नये. थंडी वाजण्याआधी अंगावर घ्यावे, उकडण्याआधी उतरवावे. सफरीत मांस, मद्य, तंबाखू टाळावे. सुरुवातीच्या तासांत जोर करू नये. आणि सातवा नियम, निव्वळ मिरवण्यासाठी पॅडल मारू नये. यातला खाण्यापिण्याचा नियम आज पुण्या-मुंबईतील बीआरएम करणाऱ्यांना पाठ असतो. 200 किमीसाठी साडेतेरा तास आणि 600 किमीसाठी 40 तास, अशी मुदत असलेल्या या राइडमध्ये पहिला-दुसरा क्रमांक नसतो, वेळेत आणि स्वतःच्या बळावर पोहोचायचे असते. या लांब पल्ल्याच्या परंपरेच्या जनकांमध्ये वेलोसिओंचे नाव घेतले जाते. सातवा नियम किती जणांना आठवतो, हा भाग वेगळा. राइड संपण्याआधीच तिचा नकाशा मोबाइलवर टाकायचा काळ आहे.

अखेर आणि नंतर

1922 पासून चाहते त्यांच्या सन्मानार्थ दरवर्षी कोल द ला रिपब्लिकवर चढाई करू लागले. वेलोसिओ तेव्हा सत्तरीला टेकले होते आणि स्वतःही सायकलवरच असत. 1930 मध्ये एके दिवशी सकाळी, नेहमीप्रमाणे प्राचीन ग्रंथांचे वाचन उरकून, ते सायकल हाताने ढकलत सेंत-एतियेनमधील रस्ता ओलांडत होते. मोटारगाडी आली म्हणून एक पाऊल मागे सरले आणि ट्रामने त्यांना धडक दिली. वय 76. आयुष्यभर डोंगरउतार आणि काळोखी रस्ते तुडवलेल्या माणसाला मृत्यू गाठला तो गावातल्या सपाट रस्त्यावर, सायकलवर बसलेला नसताना.

देग्रांज यांनी 1936 मध्ये आजारपणामुळे टूरची सूत्रे जाक गोदे यांच्याकडे सोपवली. पुढच्याच वर्षी शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली आणि रोजे लापेबी त्यावर विजेते ठरले. त्याआधीच, 1934 पासून, फ्रान्समध्ये हलक्या आणि टिकाऊ प्रवासी सायकलींच्या तांत्रिक चाचण्या भरू लागल्या होत्या. त्यातून रने हर्स आणि अॅलेक्स सिंगर यांच्यासारखे, गिऱ्हाइकाच्या मापाने एकेक सायकल घडवणारे पॅरिसचे कारागीर नावारूपाला आले. त्यांनी बांधलेल्या सायकली संग्राहक आज जपून ठेवतात आणि काही जण अजून चालवतातही.

कोल द ला रिपब्लिकच्या माथ्यावर वेलोसिओंचे स्मारक आहे. त्यांच्या नावाने होणारी चढाई सेंत-एतियेनच्या सायकलप्रेमींनी पुढेही चालू ठेवली. तीत वेगात जाणारे असतात आणि सर्वात हलका गिअर लावून, शेजारच्याशी बोलत, सावकाश वर पोहोचणारेही असतात.