इव्हान पावलोव्ह : कुत्र्यांपासून शिकलेला शास्त्रज्ञ

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्रा असेल. आज्ञा होतांच खालीं पडून राहण्यास तो ओसरीवर थोड्याच दिवसांत शिकतो. परंतु रस्त्यांत मांजर दिसलें कीं तीच आज्ञा त्याच्या कानांत शिरत नाहीं. असें कां होतें, हें ज्यांच्या प्रयोगांवरून उमगतें, त्या शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

इव्हान पेत्रोविच पावलोव्ह यांचा जन्म इ. स. १८४९ मध्यें रशियांतील रियाझान गांवीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. लहानपणीं उंचावरून पडल्यामुळें त्यांचें शालेय शिक्षण उशिरां सुरू झालें. १८७० मध्यें धर्मशिक्षण सोडून ते सेंट पीटर्सबर्गच्या विश्वविद्यालयांत शास्त्र शिकावयास गेले. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हें संशोधन चालू असतां, अन्न देणाऱ्याची चाहूल लागतांच कुत्र्यांच्या तोंडास पाणी सुटतें, असें त्यांच्या ध्यानांत आलें. मग अन्नापूर्वीं ते ठेका देणारें यंत्र वाजवूं लागले. कांहीं काळानें नुसत्या ठेक्यानेंच लाळ गळूं लागली. आज्ञेचा शब्द व मागून मिळणारा खाऊ यांची गांठही अशीच पडते.

परंतु कधीं कधीं मोठी गंमत होई. नवें यश दाखविण्यासाठीं एखादा शिष्य पावलोव्ह यांस बोलावी, आणि ते खोलींत येतांच प्रयोग फसे! कुत्रा नव्या माणसाकडेच पाहत राही. पावलोव्ह यांनीं यांतूनच नियम काढला. नव्या गोष्टीकडे वळणें हा प्राण्याचा जन्मजात धर्म असून, तो नुकत्याच लागलेल्या संवयीस दाबून टाकतो. मात्र तीच गोष्ट पुनः पुनः समोर आली म्हणजे तिचा जोर ओसरतो.

१९२४ च्या सप्टेंबरांत लेनिनग्राड येथें महापूर आला, व प्रयोगशाळेचे कुत्रे बुडतां बुडतां वांचले. पुढें कित्येकांच्या शिकलेल्या संवयी नाहींशा झाल्या. एक कुत्रा बऱ्याच दिवसांनीं सांवरला; पण दाराखालून पाण्याची बारीक धार सोडतांच तो पुन्हां बिथरला. भीतीपुढें शिक्षण असें हतबल होतें.

ह्या ज्ञानासाठीं कुत्र्यांनीं शस्त्रक्रियेचे क्लेशही सोसले, हें विसरतां येत नाहीं. १९३५ मध्यें पावलोव्ह यांच्या संस्थेच्या आवारांत कुत्र्याचें स्मारक उभें राहिलें. पुढच्याच वर्षीं पावलोव्ह निवर्तले.

तेव्हां मित्रहो, कुत्र्यास प्रथम निवांत जागीं शिकवा. मग दुरून एखादें माणूस जाऊं द्या. तरीही तो पडून राहिला तर खाऊ द्या. असें अंतर हळूहळू कमी करा. मांजरामागें धांवला म्हणून त्यास मारूं नका; आज्ञेशीं भीतीची गांठ पडल्यास ती सुटणें कठीण. आणि पालकांसही आमची विनंति आहे कीं, बाहेर वाजंत्री वाजत असतां मुलाचें लक्ष पुस्तकांतून उडालें, तर त्यास लगेच उनाड म्हणूं नये.